एकशे ऐंशी अंशांचे वळण

२०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यात वसईतील आमच्या धर्मग्रामातल्या एका माउलीने आमच्या हाती दोन गोष्टी सोपवल्या. एक, घरी कुटलेल्या मसाल्याची बाटली, तीन पिशव्यांत गुंडाळलेली. आणि दुसरी, एक निरोप. समुपदेशनाच्या छोट्या अभ्यासक्रमासाठी आम्ही सहा महिने अमेरिकेस निघालो होतो आणि आमच्याच विद्यापीठात तिचा धाकटा मुलगा यांत्रिक अभियांत्रिकी शिकत होता. "फादर, मसाला त्याच्या हाती द्या आणि त्याला सांगा, विमानाचं खूळ डोक्यातनं काढ. बापाने वाडी गहाण टाकलीय ती इंजिनिअर होण्यासाठी, आकाशातनं पडण्यासाठी नाही." दोन्ही वस्तू पोहोचत्या करण्याचे आम्ही वचन दिले. मसाला पोहोचला. निरोपाचे काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

ते विद्यापीठ अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात. चहूकडे सपाट जमीन, नजर जाईल तिथवर मक्याची शेते आणि त्यांवर पालथे घातलेले भलेमोठे आकाश. रविवारच्या सायंकाळच्या मिस्सानंतर तो मुलगा भेटला. मसाल्याची बाटली त्याने आधी नाकाशी नेली, मग छातीशी धरली. आम्ही घसा साफ करून निरोपाला हात घातला. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "फादर, एकदा स्वतः बसून पाहा. मग जे सांगाल ते ऐकतो."

त्या विद्यापीठात प्राथमिक वैमानिक शिक्षणाचा एक अभ्यासक्रम होता. नवशिक्या विद्यार्थ्याला खऱ्या विमानात नेण्यापूर्वी काही तास सिम्युलेटरवर बसवीत. सिम्युलेटर म्हणजे उड्डाणाचे सोंग घेणारे यंत्र. आमचा हा तरुण त्या अभ्यासक्रमाला बसला होताच. शिवाय रोज सायंकाळी ती खोली उघडणे, यंत्रे सुरू करून देणे, नवागतांना मदत करणे हे काम करून तो चार पैसेही मिळवीत होता. त्या पैशांतूनच त्याची उड्डाणाची हौस भागत होती. घरी मात्र त्याने यातले काहीच कळवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्या खोलीत गेलो. छोट्या विमानाचा पुढचा भाग कापून आणून ठेवावा, तशी ती रचना. शेजारी शेजारी दोन आसने, समोर सहा तबकड्या, हातात धरायची मूठ, पायाखाली दोन पट्ट्या आणि पुढे पडद्यांवर धावपट्टीचे चित्र. यंत्र जागचे तसूभरही हलत नव्हते. हलायचे ते फक्त चित्र आणि काटे.

या यंत्राच्या जन्माची कथा त्याने आम्हांस सांगितली, आणि ती ऐकून आम्ही आसनावर सरसावून बसलो. कारण ती थेट आमच्या चर्चच्या गायनमंचाशी येऊन भिडत होती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाचा एक तरुण राहत होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२० साली, सोळाव्या वर्षी, पन्नास डॉलर मोजून लिंकने उड्डाणाचा पहिला धडा घेतला. पण त्या संपूर्ण धड्यात शिक्षकाने त्याला सुकाणूला हातही लावू दिला नाही. हे शिक्षण जमिनीवरच, स्वस्तात आणि बिनधोक देता येणार नाही का, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला. हाताशी होते ते ऑर्गनचे भाते. त्याने एक लाकडी, आखूड पंखांचे विमान केले, त्याखाली ते भाते बसवले आणि हवेच्या ओढीने ते विमान पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलेल अशी योजना केली. १९२९ साली यंत्र तयार झाले. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या करमणुकीसाठी. लोक नाणे टाकून त्यात बसत आणि हसत उतरत.

ते हसू थांबले १९३४ साली. त्या वर्षी अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम सोपवले गेले आणि हिवाळी हवामानात, धुक्यात, अंधारात काही आठवड्यांतच सुमारे बारा वैमानिक प्राणांस मुकले. नजरेच्या भरवशावर उडायला शिकलेली ती मंडळी. केवळ तबकड्यांकडे पाहून उडणे त्यांना ठाऊक नव्हते. मग लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात 'निळी पेटी' या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्रात बसून सुमारे पाच लाख जणांनी प्रशिक्षण घेतले. शिक्षक बाजूच्या मेजाशी बसे आणि त्या मेजावरच्या नकाशावर खेकड्यासारखे सरकणारे एक छोटे यंत्र विद्यार्थ्याची वाट शाईने रेखीत जाई. विद्यार्थी कुठे भरकटला, हे कागदावर उमटून राही.

ऑर्गनचे भाते! ते शब्द ऐकताच आम्हांस आमच्या आधीच्या धर्मग्रामातली जुनी पायपेटी आठवली, आणि तिच्याबरोबर एक माणूसही. पण त्याविषयी पुढे.

धडा सुरू झाला. धावपट्टीकडे जायचे होते. आम्ही मोटारीच्या सवयीने मूठ डावीकडे फिरवली. विमान ढिम्म सरळ चालले आणि गवतात शिरले. "सगळे हेच करतात फादर," तो म्हणाला. "जमिनीवर हात काही कामाचे नाहीत. वळायचं पायांनी." मग पट्ट्या दाबत, वेडीवाकडी वळणे घेत आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी पोहोचलो. थ्रॉटल पूर्ण पुढे, वेगाचा काटा ५५ नॉटवर आला की मूठ हलकेच मागे. आणि चित्रातली जमीन खाली सरकू लागली. जागच्या जागी बसून आमच्या पोटात मात्र खड्डा पडला.

सर्वांत अवघड गेले ते सरळ, एका उंचीवर उडणे. वर चढणे सोपे, खाली येणे त्याहून सोपे. सरळ राहणे कठीण. विमान थोडे खाली गेले की आम्ही मूठ ओढत असू, ते वर गेले की ढकलत असू, आणि प्रत्येक दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा मोठी होत असे. "मूठ आवळू नका, दोन बोटांनी धरा," तो सांगे. आसनांच्या मध्ये ट्रिमचे छोटे चाक होते. हाताला जो सततचा जोर लावावा लागतो, तो नाहीसा होईपर्यंत ते चाक फिरवायचे. मग विमान आपले आपण त्या वेगाला टिकून राहते. दोन बोटांत मूठ धरून मक्याच्या चित्रातल्या शेतांवरून आम्ही जाऊ लागलो, तेव्हा आम्हांस थोडा अभिमानही वाटू लागला. समुपदेशनाचा विद्यार्थी बरा वैमानिक होऊ शकतो, असा एक विनोदही आम्ही केला.

तेवढ्यात त्याने एक बटण दाबले आणि पडदे पांढरे झाले. "ढग," तो म्हणाला आणि गप्प बसला.

क्षितिज गेले. वर-खाली, डावे-उजवे असे काही उरले नाही. आम्ही उंचीच्या काट्यावर डोळे रोखले. उंची हातची जाऊ द्यायची नाही, एवढेच ध्यानात धरले. काही वेळाने उंची कमी होऊ लागली. आम्ही मूठ ओढली. काटा अधिकच वेगाने उतरू लागला. आणखी ओढली. वाऱ्याचा आवाज वाढत गेला, वेगाचा काटा लाल रेषेकडे धावला, पांढऱ्यातून एकाएकी हिरवे शेत तिरपे होऊन अंगावर आले आणि चित्र थिजले. खोलीत शांतता पसरली. तरुणाने मनगटावरचे घड्याळ पाहिले. "तीन मिनिटंही झाली नाहीत, फादर."

मग त्याने समजावून दिले. उंचीकडे पाहताना आमचे एका बाजूला कललेल्या पंखांकडे दुर्लक्ष झाले होते. पंख कलले की विमान वळू लागते आणि नाक खाली जाते. अशा वेळी नाक वर ओढले, तर विमान वर येत नाही, वळणच अधिक घट्ट होते. मळसूत्रासारखे ते जमिनीत शिरत जाते. आधी शक्ती कमी करायची, मग पंख समतल करायचे आणि त्यानंतरच नाक उचलायचे. "क्रम चुकला तर जोर लावणाराच लवकर मरतो," तो सहज बोलून गेला.

"इथे निदान तुमचा कान खोटं बोलत नाही," त्याने पुढे सांगितले. मानवी कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून आपल्याला आपण वळत असल्याची जाणीव होते. पण एकाच गतीने काही काळ वळत राहिले की तो द्रव स्थिरावतो आणि आपण सरळच चाललो आहोत, असे शरीर छातीठोकपणे सांगू लागते. मग खरोखर सरळ व्हावे, तर आपण उलट बाजूला कललो असे वाटते! ही फसवणूक जमिनीवर खिळलेले यंत्र दाखवू शकत नाही. ती खऱ्या आकाशातच अनुभवावी लागते.

शेजारच्या इलिनॉय राज्यातील विद्यापीठाने याविषयी केलेला प्रयोग सर्व वैमानिकांना तोंडपाठ असतो. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात केवळ तबकड्यांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस विद्यार्थ्यांना खऱ्याच विमानात, पण बाहेरचे दिसू नये अशी व्यवस्था करून, उडवले गेले. सोबत अर्थातच जाणकार शिक्षक होता. विसांपैकी विसांचाही ताबा सुटला. एकोणीस जण आमच्यासारखेच मळसूत्रात सापडले. ताबा सुटण्यास लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. मग त्याच विद्यार्थ्यांना थोडक्या तासांत एकच कसब शिकवले गेले: ढगात शिरलो हे कळताच, तबकड्यांवर विसंबून, सावकाश, एकशे ऐंशी अंशांत वळून आल्या वाटेने बाहेर पडणे. त्यानंतरच्या साठ चाचण्यांपैकी एकोणसाठ यशस्वी झाल्या.

वाचकहो, त्या विद्यार्थ्यांना ढगातून आरपार जाण्याचे सामर्थ्य कोणी दिले नव्हते. त्यांना फक्त परत फिरायला शिकवले होते.

आम्ही पुन्हा उडालो, पुन्हा पडदे पांढरे झाले. या वेळी त्याच्या सांगण्याप्रमाणे आधी दिशा पाहिली: पश्चिम. म्हणजे जायचे पूर्वेस. वळण दाखवणाऱ्या तबकडीतल्या चिमुकल्या विमानाचा पंख खुणेवर आणून ठेवला. या गतीने सेकंदाला तीन अंश वळतात, म्हणजे अर्धे वर्तुळ पुरे व्हायला बरोबर एक मिनिट लागते. नजर एका काट्यावर रुतू द्यायची नाही. कृत्रिम क्षितिज, दिशा, क्षितिज, उंची, क्षितिज, वेग, अशी ती फिरती ठेवायची. ते एक मिनिट आम्हांस चाळीसाच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाएवढे लांब वाटले. पण पूर्व समोर आली, पंख समतल झाले आणि थोड्या वेळाने पांढरेपणा विरून शेते दिसू लागली. ती दिसणारच होती. जे आकाश आपण नुकतेच ओलांडून आलो, ते मोकळे असल्याचे आपण स्वतः पाहिलेले असते.

सेमिनरीत आम्हांस शिकवले होते की, पश्चात्तापासाठी जुन्या करारात जो हिब्रू शब्द वारंवार येतो, त्याचा मूळ अर्थ 'परत फिरणे' असाच आहे. त्या विषयात आम्हांस चांगले गुण मिळाले होते. त्या रात्री खोलीवर परतताना मात्र त्या गुणांचा आम्हांस फारसा आधार वाटला नाही.

कारण आम्हांस ती पायपेटी आठवत होती. आमच्या आधीच्या धर्मग्रामात एक वृद्ध मास्तर तीस वर्षे पायपेटी वाजवीत. भात्याला जागोजाग चिरा गेल्या होत्या. सूर मध्येच दम सोडी. आम्ही नवा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला, तरुणांचे गायनवृंद उभे केले. यात गैर काही नव्हते. पण सणाच्या सरावात, साऱ्या वृंदासमोर आम्ही म्हणालो, "मास्तर, पेटीबरोबर आता तुमचाही दम संपला." दोन-चार मुले हसली. मास्तरांनी पेटीचे झाकण अलगद मिटले आणि ते जिना उतरून गेले. पुढच्या रविवारपासून ते सर्वांत मागच्या बाकावर बसू लागले.

आमचे डोळे एकाच काट्यावर होते. वृंद वाढत होता, सण दणक्यात होत होते, लोक कौतुक करीत होते. सिस्टरांनी एकदा सुचवून पाहिले, चर्चच्या सेवकाने आडून सांगितले. आम्ही उत्तरादाखल आणखी एक कीबोर्ड आणला. पंख कललेलेच होते आणि आम्ही नाक वर ओढीत होतो. अशी तीन वर्षे गेली. त्या सर्व काळात आम्ही अगदी सरळ चाललो आहोत, असे आमचे अंतःकरण आम्हांस छातीठोकपणे सांगत होते.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही त्या खोलीत आणखी चार-पाच वेळा गेलो. उतरणे शेवटपर्यंत नीट जमले नाही. एके दिवशी तरुणाने इलिनॉय विद्यापीठाचाच दुसरा एक अभ्यास सांगितला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, यंत्रावर मुळीच न बसलेल्या विद्यार्थ्यांना अंतिम चाचणी उत्तीर्ण होण्यास सुमारे ४५ तास उडावे लागले. तीन तास यंत्रावर बसलेल्यांना सुमारे ४०. म्हणजे तीन तासांनी पाच तास वाचवले. पण अकरा तास बसलेल्यांनाही सुमारे ३८ तास लागलेच. पहिले तास सोन्याचे. पुढे पुढे यंत्र कमी कमी शिकवते. तेथील सर्वसाधारण नियमही तेच सांगतो: खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तास हवेत आणि त्यांत यंत्रावरचे फक्त अडीच तास धरता येतात.

आम्हांस हे तत्काळ पटले. सेमिनरीच्या अखेरच्या वर्षी आम्ही एकमेकांसमोर पापनिवेदन ऐकण्याचा सराव करीत असू. मित्र काल्पनिक पापे सांगत, आम्ही गंभीर चेहऱ्याने उपदेश करीत असू आणि मग सगळेच हसत असू. त्या सरावाने शब्द जिभेवर बसले, हे खरे. पण खरे माणूस जाळीपलीकडे गुडघे टेकून रडू लागले, त्या दिवशी आमचे हात थरथरले. सराव वाट दाखवतो. भीती दाखवत नाही.

आता निरोपाविषयी. आम्ही तो माउलीच्याच शब्दांत त्या तरुणाला पुन्हा एकदा सांगितला आणि स्वतःचे एवढेच जोडले: "उडायचे की नाही, हे आम्ही सांगणार नाही. पण तू घरी लपवतो आहेस, तो ढग आहे. बापाला स्वतः सांग." त्याच रात्री त्याने आमच्या खोलीतून फोन लावला. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग बापाने एकच विचारले, "पैसे कुणाचे?" मुलगा म्हणाला, "माझ्या कामाचे." "मग वाडीला हात लावू नकोस, आणि इंजिनिअरिंग पुरं कर." एवढ्यावर मिटले.

२०१३ च्या फेब्रुवारीत आम्ही परतलो. परतीच्या विमानात मास्तरांपुढे काय बोलायचे, याचा आम्ही कित्येक तास सराव केला. त्यांच्या दारात उभे राहिलो तेव्हा त्यातला एकही शब्द आठवेना. "मास्तर, चुकलो," एवढेच तोंडातून निघाले. त्यांनी आम्हांस बसवले, चहा मागवला आणि खूप वेळाने म्हणाले, "फादर, ती पेटी मी घरी आणलीय. भात्याला नवं कातडं लावलं. वाजते अजून." मग त्यांनी ती वाजवून दाखवली. सूर एकदाही तुटला नाही.

ते पुन्हा गायनमंचावर चढले नाहीत. आमच्या क्षमायाचनेने ती तीन वर्षे परत येणार नव्हती. पण दर शनिवारी दोन मुली त्यांच्याकडे पायपेटी शिकायला जाऊ लागल्या. २०१७ साली मास्तर गेले, तेव्हा त्या पेटीवर त्यांच्यातलीच एक बसली होती. आम्ही वेदीपाशी उभे राहून भात्याचा श्वास ऐकत होतो.

आणि तो तरुण? शिक्षण पुरे करून त्याने स्वतःच्या कमाईने खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. पण नोकरी पत्करली ती सिम्युलेटर दुरुस्त करण्याची. वाडी सुटली. एकदा एकट्याने उडताना समोर ढग पाहून तो अर्ध्या वाटेवरून माघारी आला, असे त्याने घरी कळवले, तेव्हा त्याची आई आमच्याकडे धावत आली. "फादर, पोर परत फिरलं. हे बरं की वाईट?"

"बरं, बाय," आम्ही म्हणालो. "फार बरं."